वाघ म्हणायचं नाही!

फार पूर्वी, म्हणजे माझ्या आजीलाही दात आले नव्हते तेव्हा, एका गावात एक राजा होता. नाव वाघराव. काळीज मात्र सशाचं!

त्या गावात घरोघरी कुत्रा, आणि प्रत्येक कुत्र्याचं नाव वाघ्या! सकाळ झाली की बायका हाका मारायच्या, "ए वाघ्या, ये, शिळी भाकरी खा!" राजाला वाटायचं, मलाच चिडवतात. झालं, भडकला! दवंडी पिटवली, "आजपासून 'वाघ' म्हणायचं नाही. म्हणेल त्याच्या तोंडाला बैलाची मुसकी!"

बायका हसल्या. "त्यात काय? नवऱ्याचं नाव तरी कुठं घेतो? 'ते' म्हणायचं!" मग काय, राजाही 'ते' आणि रानातला पट्टेवालाही 'ते'च!

एकदा भरदुपारी गवळणीच्या गोठ्यात खराखुरा वाघ डोकावला! आत तिची एकुलती एक कालवड. गवळण किंचाळली, "धावा, धावा! ते आले!"

गाव धावलं की! पण कसं? आरतीची ताटं घेऊन, हार घेऊन, पिपाणी वाजवत! "अगं चला, ते आले म्हणे, ओवाळायचंय!"

महालात राजा चक्रावला. "मी तर इथं पाय चेपून घेतोय, मग आलं कोण?" मागच्या वाटेनं गोठ्यापाशी गेला, आणि बाप रे! सरसर बाभळीवर चढला. काटे कुठं कुठं टोचले ते विचारू नका.

वरून बोंबलला, "वाघ! अरे वाघ!"

गल्लीत भिंतीआड वाजवत थांबलेल्या लोकांना वाघ दिसेना, ते खूश. "अहाहा, ते स्वतःचं नाव सांगताहेत! त्यांचा जय असो!" जागचं कुणी हलेना.

वाघानं पंजा उचलला. गवळणीनं कालवडीकडे पाहिलं, खुंटीवरच्या मुसकीकडे पाहिलं. "बांधा मेल्यांनो मला मुसकी!" ती ओरडली. "वाघ आलाय, वाघ! चार पायांचा, शेपटीवाला!"

तेव्हा कुठं लोकांनी ताटं बडवली, काठ्या उचलल्या. वाघ कुंपणावरून पसार!

राजा काटे उपटत उतरला. "आण ती मुसकी." गवळणीनं घाबरत दिली. राजानं ती थेट तिच्या चुलीत टाकली! "पण बाई, मग तोंडाला येईल ते बोलायचं का?"

"नाही महाराज. घाणेरडी शिवी दिली तर खुशाल कान पिळा. पण आपल्याला झोंबलं म्हणून शब्दच बंद करायचा?"

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "ए वाघ्या!" कुत्र्यानं वळून पाहिलं. राजानंही पाहिलं! आणि सगळ्यात आधी खो खो हसला तो राजाच.

तात्पर्य: शिवीला आवर घाला, पण हाकेला मुसकी बांधू नका, उद्या बाभळीवर तुम्हीच असाल!