चिरलेलं मापटं

भांडी आणि पोती बोलत होती, तेव्हाची गोष्ट. देवीच्या डोंगराखाली बायजाक्का हळदीत चुना मिसळून कुंकू करायची. जत्रेसाठी देवळानं तिला नऊ परड्या कुंकू सांगितलं होतं.

कोपऱ्यात हळदीचं टम्म फुगलेलं पोतं होतं आणि शेजारी चुन्याचं इवलंसं गाडगं. पोतं म्हणालं, "आक्का, आधी चुना आण बाई! हे गाडगं तळाला गेलं की माझी हळद पिवळीच राहणार."

बायजाक्कालाही ते पटलं. जत्रेआधी बाजार एकदाच भरणार होता. तिनं पायात वहाणा सरकवल्या.

"आक्का, थांब," लाकडी मापटं म्हणालं. ते जुनं होतं, कडेला चिरलेलं. "एका परडीला पाच मापटी हळद लागते, पण चुना एकच पळी. गाडग्यात दहा पळ्या चुना आहे. पोत्यात मात्र चाळीसच मापटी हळद आहे. आठ परड्या झाल्या की हळद संपली."

पोतं खदखदून हसलं. "मी संपेन? मी?"

बायजाक्का हसली नाही. बाजारातून तिनं हळदच आणली, पाच मापटी.

आठवी परडी भरली आणि पोतं रिकामं होऊन खाली बसलं. नववी परडी नव्या हळदीवर निघाली, लालभडक. गाडग्यात तरी एक पळी चुना उरलाच.

बायजाक्कानं पोत्याची घडी केली आणि तिच्यावर गाडगं ठेवलं. मग नव्या कुंकवाचं पहिलं बोट तिनं मापट्याच्या चिरेवर टेकवलं, आणि हात जोडले.