पावसाच्या टाकीचा मुकादम

उंबरापूर नावाच्या शहरात लहानू नावाचा एक भोळा माळी राहायचा. उंबरापूरला शहर का म्हणायचं, तर तिथं नगरपालिका होती. नगरपालिका होती म्हणून मुख्याधिकारी होते. बाकी शहरासारखं तिथं फारसं काही नव्हतं. उंबरसुद्धा नव्हता. शेवटचा उंबर रस्ता रुंद करताना गेला, आणि त्याच्या जागी ‘झाडे लावा’ अशी लोखंडी पाटी उभी राहिली. ती मात्र चांगली जगली.

लहानू पालिकेच्या बागेत रोजंदारीवर होता. गवत कापायचं आणि नळीनं पाणी मारायचं, एवढं त्याचं काम. माणूस कामसू. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. पालिकेत असा माणूस आजवर कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे याच्यापासून जपून राहावं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याचं घर उताराच्या तळाला, कुंभार आळीत. पावसाळ्यात अख्ख्या बाजारपेठेचं पाणी धावत यायचं ते थेट आळीतल्या घरांत शिरायचं. उन्हाळ्यात तिथं चूळ भरायला पाणी नसायचं. लहानूची बायको गोदा चार महिने घरातलं पाणी बाहेर काढायची आणि आठ महिने बाहेरचं पाणी घरात आणायची. घागरी वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. ती म्हणायची, “एक नळ द्या आळीच्या तोंडाशी. मी देवाकडं दुसरं काय बी मागायची नाय.” देवाकडे नळखातं नसल्यामुळे हा अर्ज बरीच वर्षं पडून होता.

मग एकदाचा वरून निधी मंजूर झाला. शहर हिरवं करायचं आणि पावसाचं पाणी साठवायचं. बाजारपेठ आणि कुंभार आळी यांच्या मधोमध पालिकेचं मैदान होतं. तिथं झाडं लावायची, मैदानाच्या पोटात दोन लाख लिटरची टाकी बांधायची आणि बाजारपेठेचं पाणी त्या टाकीत घ्यायचं. दुसऱ्या हप्त्यात टाकीपासून कुंभार आळीपर्यंत पाइप टाकून नळ द्यायचा. अट एकच होती. वरून माणूस येऊन बघेल. झाडं जिवंत आणि टाकीत पाणी दिसलं तर दुसरा हप्ता मिळेल. नाही दिसलं तर सगळं तिथंच थांबेल.

पहिला हप्ता आला. त्यातून आधी फलक झाला. फलकावर सात पुढाऱ्यांचे फोटो होते आणि एक झाड होतं, तेही चित्रातलं. मग भूमिपूजनाचा मंडप झाला. मग पाणी कसं साठवतात याचा अभ्यास करायला नगरसेवक सहकुटुंब समुद्रावर जाऊन आले. तिथं पाणी भरपूर साठलेलं आहे, असा त्यांनी अहवाल दिला. या सगळ्यातून उरेल त्यात झाडं आणि टाकी करायची होती.

मुख्याधिकारी पिंगळे साहेबांनी लहानूला या कामाचा मुकादम केलं. पगार तोच ठेवला, वर एक शिट्टी दिली.

पहिल्यांदा चारशे रोपं आली. पिंगळे साहेब म्हणाले, “लहानू, रोपं उतरली की एकेक खड्ड्यात घाल, माती लोट आणि पाणी दे.”

लहानूनं एकेक रोप खड्ड्यात घातलं, माती लोटली, पाणी दिलं. पंधरा दिवसांत सगळी रोपं वाळून काड्या झाली. एक उपटून बघितलं, तर मुळाशी काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी.

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “अरे शहाण्या, पिशवीतून काही आलं की आधी पिशवी फाडायची, मग खड्ड्यात घालायचं!”

“बरं साहेब. आता कळलं.”

आणि त्याला खरंच कळलं. नवी रोपं आली ती त्यानं पिशव्या फाडून अशी सुरेख लावली, की महिन्याभरात सगळ्यांना पालवी आली. जुन्या काड्यांचं काय करायचं हा प्रश्न कनिष्ठ अभियंता ढोबळे यांनी सोडवला. वर पाठवायचे अहवाल तेच लिहायचे. त्यांनी लिहिलं, ‘पानगळ समाधानकारक.’

पुढच्या आठवड्यात टाकीसाठी सिमेंट आलं. साठ पोती. ढोबळे जेवायला गेले होते. लहानूनं विचार केला, हेही पिशवीतूनच आलंय. त्यानं साठही पोती फाडली, झाडांचे उरलेले खड्डे होते त्यांत सिमेंट घातलं, माती लोटली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी साहेब आले. मैदानभर दगडी ढेकळं उगवली होती.

“हे काय रे?”

“रुजतंय साहेब. अजून कोंब न्हाई आला.”

साहेबांचा आवाज बाजारपेठेपर्यंत गेला. “अरे, सिमेंटला पाणी लागू द्यायचं नसतं! ताडपत्री घालायची, कडेनं दगड ठेवायचे, एक थेंब आत जाऊ द्यायचा नाही!”

“बरं साहेब. आता कळलं.”

ढोबळे यांनी लिहिलं, ‘उद्यानात शोभेचे खडक बसविले.’ वरून उत्तर आलं, की उपक्रम स्तुत्य आहे, इतर शहरांनीही विचार करावा.

पुन्हा सिमेंट आलं, त्यावर लहानूनं ताडपत्री घातली, ठेकेदारानं टाकी बांधली. पावसाळ्याच्या तोंडाला टाकी तयार झाली. चांगली भक्कम झाली होती, खोटं कशाला बोला. ठेकेदाराला आपल्या हातून असं कसं झालं याचं वाईट वाटत होतं. पाणी आत यायला बाजारपेठेच्या बाजूला हातभर रुंद तोंड ठेवलं होतं. गोदा रोज घागर घेऊन जाताना टाकीपाशी थांबायची आणि वाकून आत बघायची.

मग आभाळ भरून आलं. साहेब मीटिंगला गेले होते. लहानूनं वर पाहिलं, टाकीकडे पाहिलं. अख्खी टाकी सिमेंटची! तो धावत सुटला. गोदामातल्या चार ताडपत्र्या आणल्या, टाकीच्या तोंडावर घातल्या, कडेनं दगड ठेवले आणि वर स्वतः छत्री घेऊन बसला. दोन दिवस धो धो पाऊस पडला. बाजारपेठेचं सगळं पाणी टाकीला वळसा घालून कुंभार आळीत गेलं.

लहानू घरी आला तेव्हा गोदा गुडघाभर पाण्यात उभी राहून परातीनं पाणी उपसत होती.

“अवं, टाकी झाली न्हवं? मग हे पानी घरात कसं आलं?”

“टाकीची काळजी करू नगंस गोदे. तिला एक थेंब लागू दिला न्हाई. आतून कोरडी ठणठणीत हाय.”

गोदानं परात खाली ठेवली. नवऱ्याकडे बघितलं. पुन्हा परात उचलली. तिला बोलायला वेळ नव्हता, पाणी चढत होतं.

साहेब मीटिंगहून आले ते तसेच मैदानावर गेले. ताडपत्री बघून त्यांच्या तोंडाला कोरड पडली. शहरात त्या दिवशी तेवढीच एक कोरडी जागा होती, टाकी सोडून.

“अरे, पाऊस टाकीसाठीच पडतो! पावसाचं पाणी सोडायचं नाही. थेंब न थेंब साठवायचा! तोंड उघडं दिसेल त्यात पाणी घ्यायचं! समजलं?”

“बरं साहेब. आता कळलं.”

ढोबळे यांनी लिहिलं, ‘टाकीची पाणी न शिरण्याची चाचणी शंभर टक्के यशस्वी.’

आता लहानूनं थेंब न थेंब साठवायला घेतला. टाकीचं तोंड त्यानं मोकळं केलं, जाळी साफ केली, नालीतला कचरा काढला. पण तेवढ्यावर थांबेल तो लहानू कसला. कचऱ्याच्या बंद गाड्यांचे टायर भरून ठेवले. आगीच्या लाल बादल्या, नारळाच्या करवंट्या, मोडके संडासपॉट, चहाच्या कपबशा, सगळं ओळीनं पावसात मांडलं. ‘स्वच्छ शहर’ स्पर्धेत मिळालेला चषक सभागृहात होता, तो गच्चीवर नेऊन काठोकाठ भरला. ढोबळे यांचं हेल्मेट स्कूटरवर उलटं लटकत होतं, तेही भरलं. साहेबांचे पावसाळी बूट दाराबाहेर होते. त्यांत एकेक लिटर बसलं.

महिनाभर पाऊस झाला. टाकी काठोकाठ भरली. झाडं गुडघ्याच्या वर गेली. आणि कुंभार आळीत त्या वर्षी पाणी शिरलं नाही. गोदाची चूल भिजली नाही. तिनं ओटा नव्यानं सारवला आणि शेजारणीला सांगितलं, “माझा मालक भोळा हाय, पर बघा, टाकी भरली का न्हाई?” एवढ्या वर्षांत त्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं कौतुक पहिल्यांदा निघालं. मला तर ते ऐकूनच भीती वाटली.

कारण इकडे टायरांत, बादल्यांत, चषकात डासांची अंडी झाली होती. अंड्यांचे डास झाले. डास नगरपालिकेतच जन्मलेले, त्यामुळे त्यांनी सुरुवात वरिष्ठांपासून केली. पिंगळे साहेबांना डेंग्यू झाला. सलाइन लावलेल्या हातानं त्यांनी लहानूला दवाखान्यात खाटेजवळ बोलावलं.

“लहानू, साचलेल्या पाण्यात डास होतात. साचलेलं पाणी दिसलं, की ओतून द्यायचं. भांडं घासायचं, पुसायचं आणि पालथं घालायचं. दर गुरुवारी कोरडा दिवस पाळायचा. सगळ्या शहराला आपण हेच सांगतो, आणि आपल्याच दारात तू...”

“बरं साहेब. आता कळलं.”

लहानूनं त्या गुरुवारी बादल्या ओतल्या, टायर ओतले, चषक घासूनपुसून पालथा घातला. ढोबळे यांनी डासांबद्दल लिहिलं, ‘प्रकल्पामुळे जीवसृष्टीत वाढ.’

दोनच दिवसांत पत्र आलं. येत्या गुरुवारी सकाळी दहाला बेलसरे मॅडम तपासणीला येणार. साहेब बुधवारी दवाखान्यातून घरी आले होते, पण उठून बसवत नव्हतं. तरी चेहऱ्यावर आनंद होता. झाडं जिवंत होती. टाकीत पाणी होतं. एखाद्या कामात दाखवायचं ते खरोखर जागेवर असावं, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच आला होता. त्यांनी लहानूला निरोप धाडला, ‘उद्या मॅडमना मैदानावर एक डास दिसता कामा नये. नवीन काही करू नकोस. मी शिकवलंय तसंच कर.’

लहानू गुरुवारी पहाटेच उठला. गोदानंही लवकर आवरलं. आळीतल्या बायकांना घेऊन ती मॅडमच्या स्वागताला जाणार होती. कुणी हळदकुंकू काढलं, कुणी ओटीचा खण काढला. गोदा म्हणाली, “मी त्यांना माझी टाळू दाखवते. म्हणते, बाई, आता तुमच्याच हातात हाय.”

बायका निघायला उंबऱ्यात आल्या, तोवर वरच्या अंगानं मोठा खळखळाट ऐकू आला. आभाळात तर ढग नव्हता.

दहाच्या ठोक्याला बेलसरे मॅडम मैदानावर आल्या. पिंगळे साहेब शाल गुंडाळून, दोन माणसांच्या आधारानं आले. ढोबळे वही घेऊन आले. मॅडमनी झाडं बघितली. एकेका झाडाला हात लावून बघितला. म्हणाल्या, “झाडं खरी आहेत! मी सात शहरं फिरले, खरी झाडं इथंच बघितली.” साहेबांच्या गालावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

“आता टाकी दाखवा.”

ढोबळे यांनी झाकण उचललं. मॅडमनी वाकून पाहिलं. मग टॉर्च लावून पाहिलं. आत पाणी नव्हतं. ओलसुद्धा नव्हती. तळ इतका लख्ख होता, की पंगत बसवावी. कोपऱ्यात अग्निशमन खात्याचे दोन पंप होते, चार खराटे होते आणि तळावर लहानू उभा राहून फडक्यानं भिंतीचा शेवटचा कोपरा पुसत होता.

“पाणी कुठं आहे?” मॅडमनी विचारलं.

“आमच्या घरात,” मागून उत्तर आलं. गोदा आली होती. कमरेपर्यंत ओली, हातात चेपलेला खण, कुंकवाचा करंडा कुठं वाहून गेला तिलाही माहीत नव्हतं. मागे आळीतल्या बायका तशाच चिंब.

पिंगळे साहेबांनी ढोबळे यांच्याकडे पाहिलं. ढोबळे यांनी वही उघडली, पेन टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचला नाही.

मॅडमनी फाइल मिटली. “टाकी कोरडी आहे. दुसरा हप्ता मिळणार नाही. नळ नाही.”

गोदा तिथंच मातीत खाली बसली.

लहानू शिडीवरून वर आला. बायकोकडे बघून त्याला भडभडून आलं. आपल्या हातून काहीतरी राहिलं म्हणूनच मॅडम नापास करतायत, एवढं त्याला कळलं, आणि काय राहिलंय तेही त्याला ठाऊक होतं. तो मॅडमच्या पुढे हात जोडून उभा राहिला.

“मॅडम, एवढी एक चूक पदरात घ्या. पाणी ओतलं, टाकी घासली, पुसली. पालथी घालायची तेवढी राहिली. क्रेनवाला अकराला येतो म्हनालाय.”