साऊबाईची हाक

“आवाज शाबूत म्हणजे नेमकं काय, शार्दूल?”

बाईंनी त्याच्या शोधनिबंधाचं तिसरं पान तसंच उघडं ठेवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

डॉ. शार्दूल मोकाशी जरा गोंधळला. थायरॉइडच्या गाठीच्या एकशे बारा शस्त्रक्रिया त्यानं तीन वर्षांत केल्या होत्या आणि एकाही पेशंटचा आवाज गेला नव्हता. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या परिषदेत तो हेच मांडणार होता. त्याआधी बाईंची शाबासकी हवी, म्हणून तो मुद्दाम या डोंगरातल्या गावी आला होता. डॉ. कुमुद धायगुडे निवृत्त होऊन इथं राहिल्या होत्या. त्याच्या हातात पहिल्यांदा सुरी दिली ती त्यांनीच.

“आवाजाची नस सांभाळली, बाई. सगळे नीट बोलतात.”

“तपासलंस कसं?”

“महिन्यानं बोलावतो. दुर्बिणीतून घसा बघतो. बोलायला लावतो.”

“काय विचारतोस?”

“कसं वाटतंय, असं.”

“मग?”

“सगळे सांगतात, बरं वाटतंय.”

बाईंनी निबंध मिटून बाजूला ठेवला.

“यातलं कुणी जवळपास राहतं?”

शार्दूलचा चेहरा खुलला. राहत होती की! साऊबाई झोरे, वरच्या पठारावरच्या वाडीतली. नारळाएवढी गाठ काढली होती तिची. सात महिने झाले होते. परिषदेत पहिला फोटो तिचाच लावायचा, हेही त्यानं ठरवलं होतं.

“चल,” बाई म्हणाल्या. “मलाही भेटव.”

गाडी पाहून साऊबाई गोठ्यातून धावतच आली. हात लुगड्याला पुसत तिनं ओट्यावर घोंगडं अंथरलं, दोघांना पेले भरून ताक दिलं. “डाक्टर, तुमी माझ्या दारात!” असं ती तीनदा म्हणाली.

शार्दूलनं तिला मान वर करायला सांगितली. वण कुठं आहे ते शोधावं लागत होतं. त्यानं बाईंकडे पाहिलं.

बाई वण बघतच नव्हत्या. घोंगड्यावर बसून त्यांनी विचारलं, “साऊबाई, दिवसभर काय काय करता?”

“काय करनार? शेणघाण काढायची, धारा काढायच्या, म्हशी सोडायच्या. ताक घुसळायचं. आन् दिस कलला की दरीत उतरायचं, म्हशी आणाया. परत चढून येस्तोवर दीड तास जातोय.”

“पहिल्यापासून उतरता दरीत?”

“न्हाई ओ. आधी हितनंच हाक मारायची. हाक ऐकली की आपसूक वर यायच्या.”

“आणि आता?”

साऊबाईनं पदर सारखा केला. शार्दूलकडे पाहिलं आणि हसली.

“आता चालून गुडघं मोकळं व्हत्यात.”

शार्दूलनं ताकाचा पेला खाली ठेवला.

“साऊबाई,” शार्दूल म्हणाला, “हाक मारा बघू.”

“ऱ्हाऊ द्या की, डाक्टर.”

“मारा ना.”

ती पठाराच्या कडेला जाऊन उभी राहिली. तळवा तोंडाशी धरला. हाक निघाली, चढू लागली... आणि अर्ध्यावरच फाटली. पुढं नुसती हवा. साऊबाईनं पुन्हा दम घेतला. पुन्हा तेच.

खाली म्हशी चरत राहिल्या.

शार्दूलला कळलं. त्यानं सांभाळलेल्या मोठ्या नसेच्या वर आणखी एक नस असते, केसाएवढी. आवाज उंच चढतो तो तिच्यामुळे. ती दुखावली तरी साध्या बोलण्यात कळत नाही, दुर्बिणीतही बहुधा दिसत नाही. एकशे बारा गळ्यांत त्यानं ती एकदाही शोधली नव्हती.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? गाठ व्हती तवा आडवं पडता येत नव्हतं मला. भिंतीला टेकून झोपायची. तुमी त्येवढं केलंसा... आन् म्हशी येत न्हाईत म्हणून गाऱ्हाणं घिऊन यायचं व्हय तुमच्याकडं?”

शार्दूलला मान वर करवेना. मग त्यानं केलीच.

“साऊबाई, हे माझ्या हातून झालंय. गाठ काढताना एक बारीक नस दुखावली. आवाजाचे व्यायाम असतात, मी शिकवायची सोय करतो. थोडा फरक पडेल. पण हाक पहिल्यासारखी येईल, असं खोटं नाही सांगणार.”

साऊबाईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. शेणानं, पाण्यानं खरखरीत झालेला हात.

“त्वांड पाडू नगा असं. सकाळधरनं जेवलासा का न्हाई?”

ती आत भाकरी बघायला गेली. शार्दूल ओट्यावर बसून राहिला. मग म्हणाला,

“बाई, तुम्ही आम्हाला ती नस कधी दाखवली नाहीत.”

“नाही दाखवली.” बाईंचा आवाज खाली आला. “मीच बघत नव्हते.”

“तुमचे पेशंट...”

“असतील. गाणाऱ्या असतील, शेताच्या बांधावरून लेकराला बोलावणाऱ्या असतील... सगळ्या मला बरं वाटतंय म्हणाल्या. मी खूश होऊन घरी जायचे.”

बाईंनी डोळे मिटले. शार्दूलनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तो नकळत त्यांच्या जवळ सरकला.

उन्हं उतरली. साऊबाई भाकरी आणि ठेचा ठेवून गेली आणि कोपऱ्यातली काठी घेऊन दरीच्या वाटेला लागली.

“मी पुण्याला काय सांगू, बाई? निबंध मागे घेऊ? की एक आवाज गेला असं लिहू? आणि बाकीच्यांचं...”

बाई उठल्या. साऊबाईला गाठून त्यांनी तिच्या हातातली काठी घेतली आणि शार्दूलच्या हातात दिली.

“अवो, त्येस्नी कशाला!” साऊबाई कळवळली.

बाईंनी तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि तिच्याशेजारी स्वतः बसल्या.

शार्दूल काठी धरून उभा राहिला. खाली दरीत सात काळे ठिपके हलत होते.

“बाई... पण म्हशी आणायच्या कशा? मला कुठं माहीत आहे?”

“मग साऊबाईंना विचार की.”