उद्याबाईची आढी

खूप मागे, आंब्यांना अजून कुणी जातवार नावं दिली नव्हती त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात आंब्याचं झाड एकच होतं, पण असं की त्याच्या सावलीत अर्धं गाव दुपारची झोप काढी.

झाड गावाचं होतं आणि गावाखालचं हिरवंगार कुरण राजाचं. राजाने ते गावच्या गुरांना मोकळं सोडलं होतं, एकाच बोलीवर: दर वर्षी त्या झाडाच्या पिकल्या आंब्यांची एक मोठी टोपली राजवाड्यावर यायला हवी.

आंबे झाडावरून कच्चेच उतरवत. मग एका अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्यात त्यांचे थर लावत आणि वर गोणपाट पांघरून ते पिकायला ठेवत. याला म्हणतात आढी. आढी सांभाळायची पाळी दर वर्षी वेगळ्या घराकडे येई, आणि ती कुणालाही टाळता येत नसे.

एका वर्षी ही पाळी पाटलीणबाईंकडे आली. सगळ्यांना हायसं वाटलं. पाटलीणबाईंसारखी कामसू बाई त्या मुलखात नव्हती. कोंबडा आरवायला उठे, तोवर त्यांच्या अंगणातला सडा वाळलेला असे. त्या रोज सकाळी आढी उघडून बघत आणि रोज संध्याकाळीही बघत. प्रत्येक आंबा उचलायचा, अंगठ्याने दाबायचा, "अजून नाही गं बाई," म्हणायचं आणि परत ठेवायचा.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांना हे लगेच समजेल. बाळ शांत झोपलेलं असतं. आई त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघते, बाळ दचकून उठतं, घर डोक्यावर घेतं, आणि मग आईच सगळ्यांना सांगत सुटते, "काय करू हो, हे झोपतच नाही!"

आंब्यांचंही तेच झालं. पेंढ्यातली ऊब रोज मोडत गेली. आंबे पिकण्याऐवजी सुरकुतले आणि अंगठ्याच्या जागी काळे पडले. पुढच्या वर्षी पाळी लोहाराकडे होती, पण पाटलीणबाई त्याच्या मदतीला गेल्या.

त्या वर्षीचा आंबा खाऊन राजाचे दात असे आंबले की कितीतरी दिवस तो नुसत्या दूधभातावर होता. नवा हंगाम तोंडावर आला तसा त्याने निरोप धाडला: "यंदा माझे दात पुन्हा आंबले, तर कुरण पलीकडच्या गावाला देईन."

आणि यंदा पाळी होती ओढ्याकाठच्या शेवटच्या घराची. त्या घरात राहत होता गावचा गुराखी, त्याची म्हातारी आई आणि त्याची बायको. त्या बायकोला अख्खं गाव उद्याबाई म्हणे.

का म्हणे, ते तिच्या घरात पाऊल टाकल्यावर कळायचं. गोधडी अर्धी शिवलेली. जात्याची पाळ अर्धी सारवलेली. छपरात एक भोक होतं, त्यातून दुपारचं ऊन थेट चुलीपाशी यायचं आणि एक खार ये-जा करायची. भोक बुजवायचं कौल कधीचं आणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या कौलावर आता शेवाळ आलं होतं.

"उद्या बसवते," उद्याबाई म्हणे, आणि ती खोटं बोलत नसे. तिला खरंच वाटे की उद्या आपण बसवणार. फक्त आज वाटत नसे.

पाळी कुणाची ते कळल्यावर गाव डोक्याला हात लावून बसलं. सगळ्यात जास्त घाबरला होता गुराखी. "अगं, कुरण गेलं तर लोक गुरं कुठे चारतील? एकेक करून विकून टाकतील. आणि गुरंच नाहीत तर गुराखी कशाला हवा? आपल्याला गाव सोडून जावं लागेल."

"मी नीट सांभाळीन हो," उद्याबाई म्हणाली.

सासूला राहवलं नाही. "नीट सांभाळणार! माझ्या लेकाचं बारसं तू केलं असतंस, तर तो अजून बिननावाचा फिरला असता."

आढी लागली, गोणपाट पडलं, खोलीला कुलूप लागलं. उद्याबाईने मनाशी ठरवलं, सकाळी उठून बघायचं.

सकाळ झाली. ती दारापर्यंत गेली आणि थबकली. उघडलं आणि आंबे बिघडलेले निघाले तर? जोवर दार बंद आहे तोवर आंबे चांगलेच आहेत, असं तरी म्हणता येतं. "उद्या बघू," ती म्हणाली आणि पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग रोजच होऊ लागलं. यात शहाणपण काही नव्हतं बरं का. मला तिला शहाणी म्हणायला आवडलं असतं, पण ती नुसती घाबरली होती.

पाटलीणबाईंचा अंगठा मात्र शिवशिवत होता. त्या रोज फेरी मारत. "एकच दाबते गं. कडेचा."

"उद्या या, पाटलीणबाई."

"कालही तू हेच म्हणालीस!"

"आज किल्लीच सापडत नाहीये हो. शोधायची राहिलीय."

"अगं बये, कुरण जाईल आणि तू किल्ली शोधत बसशील!"

"नाही हो, अजून शोधायलासुद्धा बसले नाही," उद्याबाईने प्रामाणिकपणे सांगितलं. पाटलीणबाई कपाळावर हात मारत निघून गेल्या.

असे बरेच दिवस गेले. आणि एका दुपारी, गुरं ओढ्यावर पाण्याला आली असताना, गुराखी एकदम थांबला आणि नाक वर करून हुंगू लागला. गाईनेही नाक वर केलं. बंद दाराच्या फटीतून वास येत होता. गोड, दाट, पिवळाधमक वास! वास ओढा ओलांडून गावात गेला, पारावरून फिरला आणि पाटलीणबाईंच्या माजघरात शिरला. पाटलीणबाई हातातलं सूप टाकून बाहेर आल्या.

सगळं गाव उद्याबाईच्या अंगणात जमलं. माणसं डोळे मिटून नुसता वास घेत होती.

"न बघता पिकवले हिने!" लोहार म्हणाला.

"हिचा उद्याच लाभला गावाला," कुणीतरी म्हणालं.

झालं! त्या दिवसापासून वारं फिरलं. काल ज्या गोष्टीसाठी उद्याबाईला टोमणे मिळत, त्याच गोष्टीसाठी तिला आता मान मिळू लागला. लोहार विळ्याला धार उद्या लावू म्हणू लागला. सासूही शेजारणीला सांगू लागली, "आमच्या सूनबाईंची घाई नसते हो कधी."

राजवाड्यावरची बैलगाडी आंबे न्यायला परवा येणार असा निरोप आला, तेव्हा सगळं गाव एका तोंडाने म्हणालं, "मग परवाच उघड, गाडी दारात आल्यावर. आत्तापर्यंत हात लावला नाहीस, आता तरी कशाला लावतेस?"

पाटलीणबाईसुद्धा म्हणाल्या, "मी तर माझा अंगठा पदरात बांधून ठेवलाय."

उद्याबाईला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिच्या मनातलंच सगळे बोलत होते. ती हसत हसत घरात आली. छपराच्या भोकातून खारीने डोकं खाली काढलं.

"परवाच उघड, बाई," खार म्हणाली. "आणि हे कौलही परवाच बसव. नाहीतर तेरवा."

उद्याबाई पुन्हा हसली आणि सवयीने वास घ्यायला दारापाशी गेली. आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

वास होता तसाच गोड होता. पण त्या गोडाच्या तळाशी, अगदी बारीक, काहीतरी आंबूस होतं. उंबऱ्याखालून मुंग्यांची एक ओळ आत चालली होती.

ती दारासमोर बसली. भीती तीच होती, रोजची. उघडलं आणि बिघडलेले निघाले तर? पण आज तिला पहिल्यांदाच वाटलं की भीतीला काय विचारायचं? ती तर पहिल्या दिवसापासून एकच गाणं गातेय. तेव्हा आंबे कच्चे होते, मी थांबले तर पिकले. आता पिकलेत. आता थांबले तर आणखी काय होतील?

सगळं गाव उद्या म्हणत होतं. खारही तेच म्हणत होती. गंमत म्हणजे, त्या घरात आज म्हणणारी आता एकटी उद्याबाईच उरली होती.

"सासूबाई, किल्ली पाहिली का हो?"

"परवा शोधू की गं."

"परवा नाही, आत्ता!"

सासूने आ वासला. हा शब्द सुनेच्या तोंडून तिने आजवर ऐकला नव्हता. दोघींनी घर उलथंपालथं केलं. किल्ली सापडली त्या अर्ध्या शिवलेल्या गोधडीच्या घडीत.

कुलूप उघडलं. गोणपाट निघालं. उद्याबाईने डोळे घट्ट मिटले आणि मग एकच डोळा उघडला.

पेंढ्यात सोनं ठेवल्यासारखे आंबे होते. केशरी, तुकतुकीत, एकावरही डाग नव्हता. फक्त एका कोपऱ्यात एक आंबा फुटून वाहू लागला होता, आणि त्याचा रस शेजारच्यांना लागायला नुकती सुरुवात झाली होती. परवापर्यंत तो कोपरा सगळ्या आढीत पसरला असता. तिने फुटका आंबा काढला, लागलेले शेजारी काढले, बाकीचे फडक्याने पुसून टोपलीत रचले.

"अहो, उठा! गाडीची वाट बघायची नाही. टोपली डोक्यावर घ्या, आपण आत्ताच निघायचं."

गुराखी इतका गोंधळला की आधी डोक्यावर ठेवायची चुंबळ टोपलीवर ठेवू लागला. त्यांच्या मागून सगळं गाव निघालं, धापा टाकत, कुणी पागोटं बांधत, कुणी पायताण शोधत. सगळ्यांत पुढे अर्थातच पाटलीणबाई होत्या.

दरबारात राजाने आंब्याकडे जरा संशयानेच पाहिलं. त्याने गालावरून हात फिरवला, जणू दातांना धीर देत होता. मग आंबा हातांनी चोळून मऊ केला आणि देठाशी तोंड लावलं. गावाने श्वास रोखला. गुराख्याने बायकोचा हात घट्ट धरला.

रस राजाच्या हनुवटीवरून ओघळला आणि मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"अहो, अंगरखा!" राणी म्हणाली.

"अंगरखा उद्या धुता येईल," राजा म्हणाला आणि त्याने दुसरा आंबा उचलला. "कुरण तुमचंच. कुणी पिकवले हे?"

उद्याबाईला पुढे ढकलण्यात आलं.

"आढी किती वेळा उघडलीस?"

"एकदाच, महाराज."

"एवढा धीर!"

"धीर नव्हता, महाराज. भीती होती. म्हणून रोज उद्यावर टाकत गेले."

"मग आज कशी उघडलीस? गाडी तर परवा येणार होती."

"आजवरच्या उद्यांमध्ये आंबा पिकत होता, महाराज. पुढच्या उद्यांमध्ये तो नुसता सडला असता."

राजा खूश झाला. म्हणाला, "राजवाड्याची आढी तुझ्या ताब्यात देतो. कधीपासून येतेस?"

उद्याबाईने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "विचार करते, महाराज. उद्या सांगते."

दरबार हसला. पण तिने खरंच विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळवलं: आंब्याच्या दिवसांत येईन, एरवी घरी बरी आहे.

घरी परतल्यावर मात्र उद्याबाई भिंतीला टेकवलेल्या कौलापुढे उभी राहिली. छपरातून खारीने हळूच विचारलं, "उद्या ना?"

"का म्हणून? उद्यापर्यंत या भोकात काय पिकणार आहे?"

"माझी पिल्लं," खार म्हणाली. "त्यांचे डोळे अजून उघडायचेत."

उद्याबाई शिडीवर चढली आणि तिने आत डोकावून पाहिलं. कापसाच्या नि गोधडीतल्या दोऱ्यांच्या घरट्यात बोटाएवढे जीव एकमेकांना चिकटून झोपले होते. तिला फार वाटलं की एकाला बोट लावून बघावं, श्वास चालतोय ना. तिने बोट मागे घेतलं. खाली उतरून तिने कौलावरचं शेवाळ खरवडून काढलं, मातीचा गारा कालवायची जागा झाडून ठेवली आणि अर्ध्या गोधडीला टाके घालायला बसली, कारण गोधडीत काही पिकत नव्हतं.

पिल्लांचे डोळे उघडले, ती आईमागून झाडावर पळाली, आणि त्याच दिवशी दुपारी उद्याबाईने कौल बसवलं. पुढचा पावसाळा त्या घराने कोरड्यात काढला.

गावातही तेव्हापासून एक रीत पडली. कुणी काम उद्यावर टाकलं की कुणी रागावत नसे, फक्त विचारी, "उद्यापर्यंत काय पिकणार?" ज्याच्याकडे उत्तर असे तो निवांत बसे, आणि ज्याच्याकडे नसे तो निमूट कामाला लागे. पाटलीणबाईंनीही अंगठ्याला ताब्यात ठेवायला शिकून घेतलं. अधूनमधून त्या अजून एखादा आंबा दाबतात म्हणे, पण कडेचाच.

तात्पर्य: जे आपोआप पिकतं ते खुशाल उद्यावर सोडावं, आणि जे आपल्या हातांशिवाय होणार नाही ते आजच करावं.