एका श्वासाचे बोलणे

नदीच्या अल्याड एक गाव होते, पल्याड एक गाव होते आणि दोन्ही गावांना मिळून हुतूतूचा पंच मात्र एकच होता. त्याचे नाव शिदोबा. त्या काळी मॅट नव्हती की शिट्टी नव्हती. नदीकाठची जागा खुरपून काढली आणि मधोमध राखेची रेघ ओढली, की मैदान तयार. मार्गशीर्षातल्या जत्रेला सामना व्हायचा. चढाईवाल्याने 'हुतूतू' म्हणत पलीकडे शिरायचे, शिवायचे आणि श्वास तुटायच्या आत रेघेवर परतायचे. श्वास टिकला की तुटला, ते शिदोबाने सांगायचे. त्याने हात वर केला की बोलणेच खुंटले. मग दोन्ही संघ चिंचेखाली एकाच पंगतीला बसत आणि हरलेले जिंकलेल्यांपेक्षा एक भाकरी जास्त खात. काय दिवस होते ते!

अशाच एका सामन्यात शेवटची चढाई पल्याडच्या कप्तानाची, यशवंताची होती. तिघांना शिवून तो मागे वळला आणि रेघेपाशी येऊन कोसळला. शिदोबाने सांगितले, रेघ वीतभर लांब होती तेव्हाच श्वास तुटला. यशवंता बाद झाला, अल्याडचे जिंकले. यशवंता अंगावरची माती झटकून उठला, पण पंगतीला न बसता तडक नदी उतरून गेला. त्याच्यामागे त्याचा सगळा संघ गेला. पुढच्या जत्रेला पल्याडहून कुणी आले नाही. त्याच्या पुढच्या जत्रेलाही नाही. मैदानात कुसळे माजली.

शिदोबाच्या जिवाला घोर लागला. आपल्या निकालावर पोरे रुसली, असे त्याने मनाशी पक्के धरले. मग दरवर्षी जत्रा जवळ आली की तो धोतर खोचून नदी उतरायचा, यशवंताच्या अंगणात उकिडवा बसायचा आणि रेघ कुठे होती, हात कुठे होता, श्वास कुठे तुटला, हे मातीत बोटाने काढून दाखवायचा. यशवंता पाय धुवायला पाणी द्यायचा, सगळे ऐकून घ्यायचा आणि 'बरं, आबा' म्हणायचा. सामन्याचे नाव काढायचा नाही. अल्याडचा कप्तान निवृत्ती तर म्हणायचा, आम्ही जिंकलो, आम्ही कशाला जायचे?

अशी सात वर्षे गेली. शिदोबा थकला. डोळे मिटायच्या आधी तो सामना एकदा पाहावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. एकदा तो असाच हात हलवत परतला, तेव्हा चुलीपुढे बसलेली त्याची बायको सगुणा म्हणाली, "अवं, दर साली तुमीच बोलून येताय. त्या पोरांना कवा बोलू दिलंत?"

शिदोबाला फार राग आला. पंच कोण, तो की सगुणा? पण रात्रभर ते बोलणे त्याच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही कप्तानांना निरोप धाडले. म्हाताऱ्याचा शब्द मोडवेना म्हणून दोघे आले. त्याने स्वतः कुसळे उपटली, राखेची रेघ ओढली आणि दोघांना तिच्या दोन बाजूंना बसवले. "आज निकाल न्हाई," तो म्हणाला. "एकानं एका श्वासात बोलायचं, दुसऱ्यानं तवर गप ऱ्हायाचं. श्वास तुटला की पाळी फिरली. मी नुसता श्वास बघणार."

एका श्वासात फापटपसारा मावत नाही. यशवंताने छाती भरून घेतली आणि म्हणाला, "माझा श्वास तुटला व्हता, ते मला त्याच दिशी ठावं व्हतं."

'मग मी सात वर्षे काय सांगत होतो!' हे शब्द शिदोबाच्या ओठांवर आले. सात वर्षे ज्या निकालाची त्याने राखण केली, त्याबद्दल तक्रारच नव्हती. त्याने जीभ दातांखाली धरली आणि गप्प राहिला. आयुष्यात इतके अवघड काम त्याने केले नव्हते.

यशवंताचा श्वास अजून चालू होता. "मी पडलो तवा हा हसून म्हणाला, दमेकऱ्याचं पोर, श्वास कुठनं टिकणार. माझा बा त्याच दिवाळीला दम्यानं गेला व्हता."

निवृत्तीचा चेहरा उतरला. आता पाळी त्याची होती. तो म्हणाला, "तुझा बा गेला ते मला ठावं नव्हतं रं. माझं चुकलं. पण त्या दिशी माझ्या आईनं पंगतीसाठी पहाटेपासनं भाकऱ्या थापल्या व्हत्या. दिवेलागणीपतुर वाट बघितली तिनं तुमची. आता ती बी न्हाई."

मग दोघांचेही श्वास तुटले आणि पाळी कुणाची, हे शिदोबाने पाहिले नाही. त्याला स्वतःचेच डोळे पुसायचे होते.

त्या वर्षी सामना झाला. कोण जिंकले, ते आता कुणाला आठवत नाही. भाकऱ्या कमी पडल्या, एवढे मात्र सगळे सांगतात.

आता हुतूतूची कबड्डी झाली. दिव्यांच्या झगमगाटात सामने होतात आणि तक्रारी लेखी जातात. पण त्या दोन गावांत अजून तक्रार लिहायच्या आधी कप्तानांना रेघेच्या दोन बाजूंना बसवतात आणि पंच नुसता श्वास बघतो.

तात्पर्य: निकालाने सामना संपतो, मनातली अढी जात नाही. ती काढायची तर भांडणाऱ्यांनी एकमेकांचे पुरते ऐकावे, आणि मध्यस्थाने आपला शहाणपणा गिळून त्यांना बोलू द्यावे.