पिंपळपानाची खूण

फार पूर्वी एका गावाची नदी आटली आणि त्याच साली रोगाने सगळे बैल मेले. माळापलीकडच्या दरीत जाऊन नवं गाव वसवायचं ठरलं. बैल नाहीत, म्हणून माणसांनी ओढायच्या हातगाड्या करायच्या होत्या.

"आठ दिवसांत गाड्या हव्यात," गावच्या नाईकाने सुताराला फर्मावलं. मुहूर्त त्याने स्वतः काढला होता आणि तो हुकला तर त्याचं नाक कापलं जाणार होतं ना!

"नाईक, बाभूळ कालपरवा तोडलीय. ओलं लाकूड उन्हात आक्रसतं, चाकं खिळखिळी होतील. विहिरीत दोन महिन्यांचं पाणी आहे, तेवढं थांबा."

"लोकांना भेदरवू नकोस. मन लावून ओढली की गाडी चालते."

मन लावून म्हणे! सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तो ओल्या बाभळीचीच चाकं करायला बसला. चांगल्या चाकावर तो तापल्या सळईने पिंपळपान उमटवायचा. या चाकांवर त्याने ते उमटवलंच नाही. यात आपलं नाव नाही, आपण सुटलो, अशी त्याने मनाची समजूत घातली.

एक विधवा गाडी न्यायला आली. तिच्या सासूला चालवत नव्हतं.

"सुतारदादा, पान राहिलं का हो?"

"घाई होती," सुतार खाली बघत म्हणाला.

गाव निघालं आणि वाटेत पाचव्या दिवशी भर माळावर चाकं मोडू लागली. विधवेची गाडी उलटली आणि सासू दगडांवर आपटली. नाईक तिथे येऊन ओरडला, "मन लावून ओढलं नाहीत तुम्ही!"

"मन नाही, लाकूड कच्चं होतं!" सुतार गरजला. "मी आधीच सांगितलं होतं!"

"कुणाला?" विधवेने विचारलं.

"नाईकाला."

"आणि मला? मी समोर उभी राहून विचारलं होतं. पान नव्हतं काढलंत, पण गाडी तुमच्याच हातची ना?"

सुताराने म्हातारीला पाठीवर घेतलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दरी दिसायच्या आत, ती पाठीवरच गेली.

नव्या गावात सुताराने विधवेच्या गाडीचं मोडकं चाक आपल्या दारात टांगलं आणि त्यावर खोलवर पिंपळपान डागलं. पुढे नाईकाने कोठाराच्या छपरासाठी पुन्हा ओलं लाकूड आणलं. या वेळी सुतार नाईकाकडे गेलाच नाही. तो चावडीसमोर उभा राहिला आणि सारं गाव गोळा होईपर्यंत ओरडत राहिला.

तात्पर्य: वाईट कामावर आपलं नाव घातलं नाही म्हणून हात स्वच्छ राहत नाहीत; धोका ज्याच्या जिवावर बेतणार, त्याला तो तोंडावर सांगावा लागतो.