हौसाचं बोट आणि केरू गुरुजी

फार वर्षांपूर्वी, पिंपळदऱ्याला जायला धड पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या शाळेत केरू गुरुजी होते. शाळा कसली, एक खोली आणि मागं परसबाग! पण गुरुजींचा सगळा जीव त्या बागेत. दुपारी पोरांच्या ताटात पडायची ती भाजी तिथलीच. पुस्तकात झाडाचा धडा आला, की गुरुजी पोरांना वाफ्याशी नेऊन उकिडवं बसवत. त्यांनी रोवलेली वाळकी काठीसुद्धा पालवायची, असं म्हणतात.

एका साली भोपळ्याचे वेल मांडवभर पसरले, फुलांनी लगडले, पण फळ काही धरेना. सुपारीएवढा भोपळा दिसायचा आणि पिवळा पडून गळायचा. आता आपल्याकडं कोवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत. दाखवलं की ते कुजतं, म्हणे. आणि पहिलीतली हौसा तर जन्माची बोलकी! "गुरुजी, ह्ये बगा! गुरुजी, त्ये बगा!" करत दिवसभर बोट नाचवायची. झालं! खापर तिच्यावर फुटलं.

"त्या कार्टीचं बोटच वाईट," शेजारची सरूआत्या म्हणाली, आणि गाव तिची री ओढू लागलं. पोरं हौसाला जवळ बसू देईनात. शेवटी बापानं तिची पाटी माळ्यावर टाकली. "उद्यापासनं शेरडं राख," म्हणाला. पोर रडून रडून डोळे सुजवून बसली.

गुरुजींना कळलं तसे ते तडक तिच्या घरी गेले.

"गुरुजी, गावाच्या तोंडाला कुठं लागता?" बाप म्हणाला.

"उद्या उजाडताना गावाला बागेत बोलव," गुरुजी म्हणाले. "हिच्याच बोटानं भोपळा धरला नाही, तर मी शाळा सोडून जातो."

मास्तराचं डोकं फिरलं, असं लोक बोलले. पण तमाशा बघायला आले सगळे.

गुरुजींनी हौसाला पुढं घेतलं. "ही बघा नवरी," ते म्हणाले. "फुलाच्या बुडाशी इवला भोपळा आहे ना, तीच. पुस्तकात तिला मादी फूल म्हणतात. आणि हा नुसत्या लांब देठाचा, तो नवरदेव. त्याच्यातली पिवळी भुकटी मधमाशी नवरीकडं पोचवते, तेव्हा फळ धरतं. औंदा तुम्ही धूर करून झाडून सारी मोहळं काढलीत. मध्यस्थच पळवून लावलात, मग लग्न लागणार कसं?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मध सगळ्यांनीच चाटला होता ना!

गुरुजींनी हौसाचं बोट नवरदेवात फिरवलं. बोट पिवळंधमक झालं. तिनं ते हलकेच नवरीला लावलं. पोरांनी ज्वारीचे दाणे उधळले, "शुभमंगल सावधान!" सरूआत्यानंही टाकले, तोंड वाकडं करून का होईना.

मग? अहो, मग भोपळे धरले! असे धरले, की मांडव कलला. एक तर बैलगाडीत मावेना. निम्म्यात सारं गाव जेवलं आणि राहिलेल्या निम्म्याच्या पोकळ सालीत बसून हौसा ओढ्यापलीकडं जाऊन आली, असं म्हणतात. माश्या परतल्या त्या थेट गुरुजींच्या पटक्यावर मोहोळ बांधून राहिल्या, आणि कुणाला चावल्या नाहीत, असंही म्हणतात. हसायचं तर हसा बापडे! बाप स्वतः हौसाला शाळेत पोचवून गेला, हे मात्र खरं.

गुरुजींना जाऊन पिढ्या लोटल्या. अजूनही पिंपळदऱ्यात भोपळ्याला फुलं आली, की शाळेच्या बागेत लग्न लागतं आणि अख्खं गाव अक्षता घेऊन येतं. पहिलं बोट कुणाचं, हे ठरलेलं आहे. त्या साली गावानं ज्या पोराला सगळ्यात जास्त नावं ठेवली असतील, त्याचं. आणि नावं ठेवणाऱ्यानंच त्या पोराचा हात धरून त्याला फुलापर्यंत न्यायचं, "केरू गुरुजींच्या नावानं" असं सगळ्यांदेखत म्हणायचं, मगच अक्षता पडतात.